शनिवारचं वेस्टर्न, रविवारचा फोन

डंडॉकला ज्या घरात मी भाड्याने राहत होते, त्या घरात शनिवारी दुपारी बोलायला बंदी होती. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली विधवा, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. जेवणं झाली की ती चहाच्या किटलीला लोकरीची टोपी घालून टीपॉयवर ठेवायची, टीव्हीसमोरच्या खुर्चीत स्वतःला हळूहळू सोडायची आणि म्हणायची, "चल, आता माणसं मारू या." मग कुठल्यातरी चॅनलवर जुनं काळंपांढरं वेस्टर्न सुरू व्हायचं. घोडे, धूळ, लाकडी फळ्यांचं गाव, एक सरळमार्गी शेरीफ आणि त्याला मारायला निघालेले तीन-चार नालायक. खिडकीबाहेर आयर्लंडची ती कधीच न संपणारी भुरभुर आणि पडद्यावर उन्हाने तडकलेली जमीन. मला फार बरं वाटायचं. नागपूरच्या माणसाला ऊन आणि धूळ पाहून बरं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी तिकडे गेले दोन हजार चारच्या सुमारास, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो म्हटल्यावर घरचे म्हणाले, हिच्यासाठीच ही नोकरी निघाली असणार. वीकेंडला डब्लिनकडची मराठी मंडळी एकमेकांकडे जमायची. पावभाजी व्हायची आणि कुणी किती बेडरूमचं घर घेतलं ते निघायचं. मी दोनदा गेले. लग्नाचं काय, हा प्रश्न मी नागपूरला सोडून आले होते, पण तो माझ्या आधीच्या विमानाने तिथे पोचला होता. त्यापेक्षा म्हातारीचे घोडे बरे.

वेस्टर्नचं वेड मला बाबांनी लावलं. बाबा पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून रिटायर झाले. घरी केबल आली तेव्हा मी कॉलेजात होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरसमोर, बनियनवर बसून बाबा इंग्रजी चॅनलवरच्या जुन्या काउबॉय मालिका बघायचे आणि मला बळंच शेजारी बसवायचे. आवाज अगदी बारीक, कारण आई आत झोपलेली असायची. मोठा असता तरी काय फरक पडला असता? ते इंग्रजी त्यांच्या घोड्यांना कळत असेल तर असेल. बाबा गोष्ट स्वतः रचायचे आणि त्यांच्या प्रत्येक गोष्टीत भांडण पाण्याच्या पाळीवरून असायचं. "हा टोपीवाला टेलचा शेतकरी आहे, कालव्याच्या शेवटचा. वरच्यानं पाणी अडवून ठेवलं. आता हा जाऊन त्याला ठोकते पाह्य." मग तो टोपीवाला खरंच जाऊन ठोकायचा. पुढे डंडॉकला आवाजासकट बघायला लागले तेव्हा कळलं, निम्म्या गोष्टींत भांडण खरंच पाण्याचं होतं.

बाबांचा दुसरा गुण म्हणजे मरणार कोण ते आधी सांगणं. पहिल्या दहा मिनिटांत ते बोट दाखवायचे आणि तो माणूस शेवटाआधी हमखास मरायचा. कसं कळतं, विचारलं तर म्हणायचे, "त्याच्याकडे बाकीचे कसे पाहतात ते पाह्य. ज्याला मारायचं असते त्याच्याशी सगळे जरा जास्तच चांगले वागतात."

आई गेली, मी आयर्लंडला आले, बाबा दादा-वहिनीकडे राहिले. मग आमच्यात एक रिवाज पडला. शनिवारी मी म्हातारीबरोबर वेस्टर्न बघायचं आणि रविवारी सकाळी, म्हणजे नागपूरच्या दुपारी, कॉलिंग कार्ड खरवडून बाबांना फोन करायचा आणि गोष्ट सांगायची. "काय म्हणते तुझी म्हातारी? काल कोण मेलं?" ही त्यांची सुरुवात. मी सांगायला लागले की मध्येच थांबवायचे. "थांब, सांगू नको. तो दाढीवाला न?" दाढीवालाच असायचा. तब्येत, हवापाणी, पगार, यातलं आम्ही कधी काही बोललो नाही. बाप-लेकीला बोलायला एक मेलेला दाढीवाला पुरत होता.

म्हातारीचं दुसरं व्यसन रेडिओ. रेडिओ म्हणजे कॅसेटच. तिचा भाऊ तरुणपणी अमेरिकेत गेला होता. तिथल्या जुन्या डिटेक्टिव्ह श्रुतिका टेप करून तो वर्षानुवर्षं पोस्टाने पाठवत राहिला. स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये, तिकडे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, कपबशांच्या वर त्या कॅसेटी रचलेल्या होत्या. आठवड्यातून दोन-तीनदा ती इस्त्रीचा बोर्ड उघडायची, कॅसेट घालायची आणि मला कांदा-बटाटा काहीतरी चिरायला बसवायची. पहिल्यांदा मला हसू आलं. दर वेळी तोच एक फाटका डिटेक्टिव्ह, तेच भाड्याचं ऑफिस आणि तीच एक बाई, जी दारातून आत येताक्षणी खोटं बोलायला लागते. पण म्हातारी मला हसू द्यायची नाही.

"डोळे मीट," म्हणायची.

"सुरी आहे हातात."

"मग सुरी ठेव आणि मीट. आता काय ऐकू येतं ते सांगू नकोस. काय ऐकू येत नाही ते सांग."

मला काही सांगता यायचं नाही. ती इस्त्री उचलून धरायची आणि म्हणायची, "युअर मॅन म्हणतोय मी रात्रभर शेकोटीजवळ बसलो होतो. लाकूड तडतडल्याचा आवाज आहे? नाही. खोटारडा आहे." युअर मॅन म्हणजे तो कोण तो, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो. तिच्या तोंडी शेरीफही युअर मॅन, खुनीही युअर मॅन आणि प्लंबरसुद्धा. हळूहळू मलाही चटक लागली. ऑफिसात मीटिंगमध्ये मी डोळे मिटून बसायला लागले. तिथेही शेकोटीजवळ कुणीच बसलेलं नसायचं.

आणि तिसरं, जे माझ्या अंगावर यायचं. रोज सकाळी लोकल रेडिओवर गावातल्या निधनाच्या बातम्या वाचून दाखवायचे. कोण गेलं, कुठल्या रस्त्यावरचं, दर्शन कुठे, प्रार्थना कधी. म्हातारी ते उभ्याने ऐकायची, हातात कप धरून, आणि ओळखीचं नाव आलं की लगेच काळा कोट काढायची. एकदा मलाही घेऊन गेली. समोरच्या रस्त्यावरचा एक रिटायर्ड पोस्टमन गेला होता. मला वाटलं बाहेरून डोकं टेकवून परत यायचं असेल. बैठकीच्या खोलीत शवपेटी उघडी ठेवलेली, त्यात तो सूटबूट घालून, आणि भोवती माणसं हॅमचे सँडविच खात त्याच्या गमती सांगत होती. त्याची बायको मला म्हणाली, "सगळं त्यानेच ठरवलं. गाणी कुठली, सूट कुठला. हिवाळ्यातच डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, तेव्हा वेळ भरपूर मिळाला." मी तिचा हात हातात घेतला. घरी येताना म्हातारी म्हणाली, "ग्रँड झालं सगळं." मला राग आला. मरणाला ग्रँड म्हणायची ही कुठली रीत? आमच्याकडे आईचा आजार शेवटपर्यंत 'जरा अशक्तपणा' होता. त्या घरातून बाहेर पडताना मला आईची आठवण आली आणि मी रस्ताभर म्हातारीवर खेकसत राहिले.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये बाबांचे फोन बिघडायला लागले. फोन म्हणजे यंत्र नव्हे, बोलणं. आधी दादा म्हणाला लँडलाइन बंद आहे, माझ्या मोबाइलवर करत जा. एका रविवारी बाबा अंघोळीला गेलेले, पुढच्या रविवारी देवळात. बाबा आणि देऊळ? आई असतानाही ते चपला सांभाळायला बाहेर थांबायचे. त्याच्या पुढच्या रविवारी मिळाले, पण मी गोष्ट सांगत होते आणि ते मध्ये थांबवत नव्हते. मी मुद्दाम एक दाढीवाला घातला. म्हटलं, "बाबा, ओळखा." बाबा म्हणाले, "मरू दे न कोणीही."

मी फोन ठेवला नाही. डोळे मिटले. काय ऐकू येतंय ते नको, काय येत नाही ते. कूलर नव्हता. नागपूरला मे महिना तोंडावर आलेला, दुपारचे अडीच-तीन, आणि बाबांच्या मागे कूलरची घरघर नाही. वहिनीच्या बांगड्या नाहीत, तिची टीव्हीवरची मालिका नाही, रस्त्यावरचा हॉर्न नाही. आवाज जरा पोकळ, मोठ्या खोलीतला. मग चाकांचा किरकिर आवाज जवळून गेला. आणि एक बाई ओरडली, "चौदा नंबरचे नातेवाईक कोण आहेत?" लगेच दादाने फोन घेतला आणि म्हणाला, "रेंज नाही आहे, मी नंतर करतो."

म्हातारी जिन्याखाली बूट घालत होती, प्रार्थनेला जायला. माझा चेहरा बघून तिने बूट तसाच ठेवला. मी तिला सांगितलं की माझे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत आणि माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलतोय. ती फक्त म्हणाली, "पुन्हा लाव."

दादाने आधी आढेवेढे घेतले, मग तो रडायला लागला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला. ऑपरेशन नाही, पित्ताची वाट मोकळी करायला एक नळी तेवढी टाकली होती. डॉक्टर म्हणाले होते, दिवाळी कठीण आहे.

"मला का नाही सांगितलं?"

"तू तिकडे एकटी. काय करशील तू ऐकून?"

"बाबांना काय सांगितलं?"

"कावीळ. डॉक्टरलाही तसंच बोलायला सांगितलं आहे. त्यांना समजलं तर ते त्याच दिवशी खचतील. आईलाही आपण शेवटपर्यंत नाही सांगितलं, आठवते न तुला?"

मी म्हटलं, मी निघते. तेव्हा दादा जे बोलला ते ऐकून मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. "तू येऊ नको. तू आली की त्यांना समजेल. तू दिवाळीशिवाय कधी आली का? मे महिन्यात नागपूरला कोण येते सांग बरं? बाबा काही साधे नाहीत. दोन मिनटांत ओळखतील."

आणि तो बरोबर बोलत होता, हीच तर पंचाईत. बाबांना भेटायचं, तर मी दारात दिसणं हाच त्यांना त्यांच्या मरणाचा निरोप. त्यांना काही कळू द्यायचं नसेल, तर मी त्यांना पुन्हा जिवंत बघायचं नाही. मधला रस्ता मला दिसेना.

म्हातारीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिला आधी वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. तिने तीनदा विचारलं. मग म्हणाली, "म्हणजे सगळ्या गावाला माहीत आहे आणि ज्याला मरायचं आहे फक्त त्यालाच नाही? मग मरण आहे कुणाचं?"

मी भडकले. मी म्हटलं, आमच्याकडे माणसाची उमेद टिकावी म्हणून घरचे स्वतः ते ओझं घेतात, तुम्हाला नाही कळायचं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ही सगळी दादाची वाक्यं आहेत, मला त्यातलं एकही पटत नाही, तरी मी थांबले नाही. "तुमच्याकडे मेलेल्या माणसाच्या शेजारी बसून हॅम सँडविच खातात, ते बरं?" म्हटलं.

ती किटली घेऊन नळाशी गेली. मग म्हणाली, "सँडविच चांगले होते." आणि तिने चहा ठेवला. चहा पिताना तिनेच विषय पुन्हा काढला. "तुला जायचं असेल तर कारण लागेल. आणि कारण नुसतं सांगून भागत नाही, ते खरं असल्यासारखं सगळ्यांना वागावं लागतं. सगळे पकडले जातात ते तिथेच."

कारण वहिनीने शोधलं. तिचं डोकं अशा कामात फार चालतं. मे महिना लग्नसराईचा, सगळ्यांना सुट्ट्या. तेव्हा मी एक स्थळ बघायला येते आहे असं सांगायचं. कितीतरी वर्षांनी पोरगी तयार झाली, एवढ्यासाठी आयर्लंडहून आली, म्हटलं तर बाबा खूश होतील आणि शंकाही घेणार नाहीत. नुसतं सांगून चालणार नाही, बाबा मुलाबद्दल विचारतील, म्हणून मुलगाही खराच हवा. वहिनीचा एक मावसभाऊ वर्ध्याच्या कॉलेजात शिकवायचा. त्याला सगळं खरं सांगितलं आणि तो तयार झाला. भला माणूस. मरणाऱ्या माणसासाठी खोटा नवरामुलगा व्हायला कोण तयार होतं?

मी साहेबांना घरगुती कारण सांगितलं, डब्लिनला जाऊन परत येण्याचा व्हिसा पासपोर्टवर करून घेतला आणि नागपूरला उतरले. बाबा एव्हाना घरी आले होते. हॉलमधल्या दिवाणावर होते. हळदीने माखल्यासारखे पिवळे आणि अर्धे झालेले. मी त्यांच्याकडे बघून हसले. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही. बाबाही हसले आणि म्हणाले, "आली का नवरी?" दादाने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. जमलं, असं त्याला म्हणायचं होतं.

रविवारी संध्याकाळी कार्यक्रम झाला. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा हट्ट धरला. तो त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. उशा लावून त्यांना खुर्चीत बसवलं. मुलगा एका मित्राला घेऊन आला. वहिनीने कांदेपोहे केले, मी साडी नेसून चहाचा ट्रे आणला, साखर किती विचारलं. बाबांनी मुलाला गाव, शिक्षण, शेतीबिती आहे का, सगळं रीतसर विचारलं. शेती आहे म्हटल्यावर ओलिताची का कोरडवाहू, तेही विचारलं. सगळे हसले. मुलगा गेल्यावर दादा स्वयंपाकघरात येऊन वहिनीला म्हणाला, "बाबांना काहीच समजलं नाही," आणि सिंकचा नळ सोडून रडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा ऑफिसात होता, वहिनी आत झोपली होती. मी बाबांच्या दिवाणाशी खाली बसून वर्तमानपत्राने वारा घालत होते, कारण कूलर लावला की त्यांना थंडी वाजायची. त्यांचे डोळे मिटलेले होते. तसेच मिटलेले ठेवून ते म्हणाले, "पोरगी पाहायला आलेला माणूस पोरीकडे पाहते."

मी हात थांबवला.

"तो काल पूर्ण वेळ माझ्याकडे पाहून राहिला होता. पोहे खाल्ले नाही त्यानं. आई-बाप नाही आले. पत्रिका कोणी मागितली नाही, पगार दादानं विचारला नाही." थोडा श्वास घेऊन मग म्हणाले, "आणि तू. आजपर्यंत एका तरी पोराशी तू नीट बोलली का? काल साखर किती विचारून राहिली होती."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मी तोंडात ओढणी कोंबली, आत वहिनी होती.

"बाबा, मी आले म्हणून तुम्हाला..."

"शंका होतीच. डॉक्टर माझ्याशी दोन शब्द बोलते आणि दादाला बाहेर घेऊन जाते. कावीळ काय बाहेर नेऊन सांगतात? पण तू आली तेव्हा पक्कं झालं." त्यांनी डोळे उघडले. "बरं झालं आली. मी रोज विचार करून राहिलो होतो, हे लोक तुला येऊ देतात का नाही."

मग त्यांनी विचारलं काय आहे, आणि मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. किती दिवस, ते विचारलं, तेही सांगितलं. त्या घरात ते सरळ मराठीत पहिल्यांदा मी बोलले आणि छत कोसळलं नाही. मग त्यांनी जे विचारलं ते ऐकायला मी तयार नव्हते. "मग मला हे उकडलेलं काऊन देऊन राहिले?"

काविळीचं पथ्य. महिनाभर ते बिनतेलाचा, बिनतिखटाचा भात आणि उसाचा रस घेत होते, कारण खोटं खरं वाटायला पथ्यही खरं हवं. मी म्हटलं, मी आत्ता सांगते वहिनीला, उद्यापासून तुम्हाला हवं ते मिळेल, पाटवडी करायला लावते.

"नको," ते म्हणाले. "मागितलं तर दादाला समजेल की मला समजलं."

"समजू दे ना! बाबा, त्याला कशाला सांभाळता तुम्ही आता?"

"आईच्या वेळी तो कसा झाला होता तू पाह्यलं नाही, तू होस्टेलवर होती. त्याला वाटते आहे की तो मला सांभाळून राहिला. त्याच्यावर तो उभा आहे. राहू दे." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "तू बोलायची नाही. तुझं तोंड मला माहीत आहे."

मी फ्रिजमधून एक आंबा आणला, साल काढली, आणि त्यांना बारीक फोडी भरवल्या. दोन-तीन खाल्ल्या, मग नको म्हणाले. सालं आणि कोय मी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, कचऱ्याच्या डब्यात वहिनीला दिसली असती. उरलेले दिवस आम्ही दोघं दादासमोर काविळीबद्दल बोलायचो. बाबा म्हणायचे, डोळे आज जरा पांढरे वाटतात न? मी म्हणायचे, हो, उतरतेय. आम्ही इतकं छान करत होतो की दादाचा चेहरा उजळायचा. मला त्याचा राग यायचा आणि त्याची दयाही यायची, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही गिळून मी उसाचा रस आणायला जायचे.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात होती. दादा, वहिनी, शेजारच्या काकू, सगळे हॉलमध्ये उभे. मी वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. जास्त वेळ ठेवता येईना. दादाला वाटलं असतं हिला रडू येतंय आणि बाबांना त्यावरून कळेल. त्यांना जवळ घेता आलं नाही. त्यांनी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता साखरपुड्यालाच ये." मी म्हटलं, "हो बाबा. तुम्ही बरे व्हा तोवर." त्यांचा निरोप मला घ्यायचा होता, तो तेवढ्यात उरकला.

डंडॉकला परत आले तेव्हा म्हातारीने बॅग आत घ्यायच्या आधी विचारलं, "कळलं त्याला?" मी हो म्हटलं. जगात मी हे फक्त तिला सांगितलं. शनिवारी तिने टीव्ही लावला आणि आवाज बारीक केला. मी बघू शकले नाही, वर निघून गेले. रविवारी फोन केला तर बाबांना बोलवत नव्हतं. दादा फोन त्यांच्या कानाशी धरायचा आणि मी एकटीच बोलायचे, कुठलीतरी गोष्ट, घोडे आणि पाणी. पलीकडून फक्त श्वास यायचा.

ऑगस्टमध्ये एका सकाळी दादाचा फोन आला. मी ऑफिसला निघाले होते, कोट घातलेला होता. सगळं सांगून झाल्यावर तो बराच वेळ हुंदके देत राहिला. मग म्हणाला, "एक आहे बघ. शेवटपर्यंत आम्ही त्यांना काही समजू नाही दिलं. पथ्यावरच गेले ते, कधी काही मागितलं नाही. तेवढं एक जमलं आपल्याला."

"जमलं दादा," मी म्हटलं. "फार छान जमलं तुला."